डबीत उरलेल्या एकोणीस गोळ्या

एका वाचक ताईंचं पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

ताई 51 वर्षांच्या आहेत. खानापूर तालुक्यात त्यांची दीड एकर द्राक्षबाग आहे. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात परराज्यात होता, तो 2007 मध्ये वारला. वहिनीही 2009 मध्ये वारली. त्या दोघांचा एकुलता मुलगा जन्मतःच एचआयव्ही पॉझिटिव्ह. वहिनीला बाळंतपणात एक गोळी आणि बाळाला थेंब दिले होते, तरी लागण झालीच. पाचव्या वर्षी, 2010 मध्ये, त्याच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या आणि तेव्हापासून आत्तीनंच त्याला वाढवलं. आता तो 20 वर्षांचा आहे. सांगलीत विश्रामबागला तीन मित्रांबरोबर खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या वर्षीपर्यंत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नव्हता, यंदा 14,200 आला. तीन महिने गोळ्या नीट घ्या, मग पुन्हा तपासू, असं एआरटी सेंटरवर सांगितलंय. सुट्टीला आलेल्या भाच्याची बॅग ताईंनी धुवायला काढली तर गोळ्यांची डबी हाती लागली. तीसच्या डबीत बावीस दिवसांनी आठ गोळ्या उरायला हव्या होत्या, निघाल्या एकोणीस. वर कापूस कोंबलेला. विचारल्यावर तो "घेतो की" म्हणाला आणि ताटावरून उठला.

आता दीर म्हणतात, विषाणूनं रूप बदललंय, पुण्याला नेऊन मोठी टेस्ट करा. त्यासाठी ताई ठेव मोडायला निघाल्यात. चुलते म्हणतात, शिक्षण पुरे, गलाईला पाठवा. ताईंना वाटतं, त्याला घरी आणावं आणि रोज डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावावी. एका मुलीचे फोन येतात, तिच्या घरी कानावर घालावं का, हाही प्रश्न आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय: "पंधरा वर्षं हातावरच्या फोडासारखं जपलं. त्यानं माझ्या कष्टाचं पाणी केलं."

*

ताई,

तुमच्या पत्रात कापसाचा उल्लेख ओझरता आलाय. मी मात्र तिथंच थांबले. मी चौदा वर्षं एका एआरटी सेंटरवर समुपदेशक होते. तिथं एका मुलानं एकदा गोळ्यांची डबी माझ्या कानाजवळ धरून हलवली होती आणि म्हणाला होता, "मॅडम, ऐका." प्लास्टिकच्या डबीत गोळ्या खुळखुळतात. रात्री दहाला तीन मित्र गाद्या घालत असताना बॅगेतून ती डबी काढली, की तो आवाज खोलीभर होतो. मग कुणीतरी विचारतं, "काय रे, कसल्या गोळ्या?" तुमच्या भाच्यानं कापूस कोंबला तो त्या आवाजासाठी. ज्याला गोळ्या टाकूनच द्यायच्यात, तो आवाज बंद करायची खटपट कशाला करेल? गोळी सोडायचीच असती तर त्या एकोणीस गोळ्या केव्हाच गटारात गेल्या असत्या आणि डबी तुम्हाला रिकामी दिसली असती. तीसमधल्या अकरा त्यानं घेतल्या आहेत. मला त्यात कष्टाचं पाणी करणारा मुलगा दिसत नाही. कसंबसं निभावून नेणारा, आणि ते कुणाला सांगता न येणारा मुलगा दिसतो.

आता 14,200 या आकड्याविषयी. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या इतक्या प्रती सापडल्या, एवढंच तो सांगतो. आपल्याकडच्या सरकारी एड्स कार्यक्रमात 1,000 ही रेघ धरतात. आकडा तिच्यावर गेला की आधी नीट समुपदेशन आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, हा नियम आहे. त्याला कारण आहे. आकडा दोन वाटांनी वाढतो. एक, गोळी पोटात जात नाही. दोन, गोळी जाते पण विषाणू तिला दाद देत नाही. रिपोर्टावरून या दोन्हींतला फरक कळत नाही. तुमच्या दिरांनी दुसरी वाट धरली. तुमच्या हातात मात्र एकोणीस गोळ्या आहेत आणि त्या पहिल्या वाटेकडे बोट दाखवतात.

तरीही दिरांचं म्हणणं पोकळ नाही. तुम्ही बागाईतदार आहात, तुमच्याच भाषेत सांगते. छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनीची बुरशी आली आणि हात आखडून कमी मात्रेत एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं, तर काय होतं? कमजोर बुरशी मरते, चिवट तेवढी तगते, आणि पुढच्या खेपेला तेच औषध मारा नाहीतर पाणी मारा, सारखंच. एचआयव्हीचं असंच आहे, फक्त वेग भयंकर. स्वतःची नक्कल करताना हा विषाणू चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. उपचार नसतील तर शरीरात रोज शेकडो कोटी नवे विषाणू तयार होतात, आणि त्यांत एकमेकांपासून किंचित वेगळे असे असंख्य असतात. भारतात बहुतेक रुग्णांत एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार आढळतो. पण तुमच्या भाच्याच्या अंगात वीस वर्षं राहिलेल्या त्या 'सी'चीही आता स्वतःची भलीमोठी भावकी झालेली आहे. त्यातल्या एखाद्याकडे एखाद्या औषधाला चकवणारा बदल योगायोगानं असू शकतो. गोळी रोज पोटात असली तर विषाणूची वाढच होत नाही, मग नवे बदल येणार कुठून? एक दिवस आहे, दोन दिवस नाही, असं झालं की रक्तात औषध असतंही आणि पुरेसं नसतंही. चिवट विषाणूला नेमकं तेच फावतं. म्हणून बावीस दिवसांत अकरा गोळ्या हे मधलंच घेणं धोक्याचं आहे, आणि ते लवकर थांबायला हवं. "मग सगळ्याच बंद केलेल्या बऱ्या" असा अर्थ मात्र कुणीही काढू नये. गोळ्या बंद केल्या की आकडा वर जातो, सीडी-4, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, खाली येतो आणि टीबीसारखे आजार दार ठोठावतात.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा, दिरांनाही. विषाणूत खरंच असे बदल सापडले, तरी ते पोराच्या निष्काळजीपणानंच आले असं ठरत नाही. ती बाळंतपणातली एक गोळी आठवा. ते नेविरापिन होतं. त्या काळी आईला एक गोळी आणि बाळाला एक मात्रा, एवढाच उपाय सरकारी कार्यक्रमात होता. त्यानं हजारो बाळं वाचली. पण ज्या बाळांना तरीही लागण झाली, त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगात नेविरापिनला न जुमानणारे विषाणू पहिल्या आठवड्यांतच तयार झाले. त्यानंतरची वर्षं आठवा. वजन वाढेल तशी मात्रा बदलायची, गोळी मोडून अर्धी द्यायची, उलटी झाली तर पुन्हा द्यायची की नाही हे विचारायला फोनही नसायचा. 2010 मध्ये तो पाच वर्षांचा होता. त्या वयातल्या पोराला यातलं काय कळत होतं? असे जुने बदल अंगातल्या झोपलेल्या पेशींत वर्षानुवर्षं दडून राहतात. ते आज वर आले, तर दोष ना त्याचा, ना तुमचा.

म्हणून त्याची आताची गोळी महत्त्वाची आहे. 2021 च्या सुमारास आपल्याकडे बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधं असलेली एकच गोळी मिळू लागली. सेंटरवर तिला टीएलडी म्हणतात. यातलं डोल्युटेग्रॅव्हिर चिवट आहे. त्याला चकवायला विषाणूला पुष्कळ बदल करावे लागतात. युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या ज्या रुग्णांवर पहिली औषधं चालेनाशी झाली होती, त्यांच्यावरच्या 2021 च्या अभ्यासात एक गोष्ट दिसली. जोडीच्या दोन औषधांना विषाणू सरावलेला असला, तरी डोल्युटेग्रॅव्हिरच्या साथीनं बहुतेकांचा व्हायरल लोड खाली आला. पण यावर निर्धास्तही राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2024 मध्ये सांगितलं, की काही देशांतल्या पाहण्यांत डोल्युटेग्रॅव्हिरला दाद न देण्याचं प्रमाण 3.9 ते 8.6 टक्के आढळलं, आणि व्हायरल लोड वाढलेला असतानाच ज्यांना या गोळीवर आणलं त्यांच्यात ते 19.6 टक्क्यांपर्यंत गेलं. गोळी बळकट आहे. ती अभेद्य नाही.

आता ठेवीचं. ताई, ती मोडू नका, निदान या तीन महिन्यांत तरी नाही. दीर म्हणतात ती मोठी टेस्ट म्हणजे रेझिस्टन्सची, विषाणू औषधाला सरावलाय का ते बघणारी. ती रक्तात सध्या वाढत असलेले विषाणू वाचते. औषध पोटात नसेल, तर सरावलेला विषाणू मागे पडतो आणि मूळचा, औषधाला घाबरणारा विषाणू पुन्हा वरचढ होतो. टेस्टला तोच दिसतो. सरावलेला लपून राहतो आणि रिपोर्ट येतो "सगळं ठीक". गोळ्या नीट चालू असताना आकडा 1,000 च्या वर राहिला, तरच त्या टेस्टला अर्थ आहे. शिवाय तिचे भाग असतात. नेहमीच्या टेस्टमध्ये डोल्युटेग्रॅव्हिरच्या जातीच्या औषधांची, म्हणजे ती विषाणूच्या ज्या भागावर काम करतात त्या इंटिग्रेजची, तपासणी धरलेली नसते, ती वेगळी मागावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक मोठी रक्कम भरून अर्धाच कागद घेऊन परततात. तीन महिन्यांनीही आकडा खाली आला नाही, तर तुमचं सेंटर केस राज्याच्या तज्ज्ञ पॅनेलकडे पाठवेल. पुढची औषधं, दुसऱ्या फळीची असोत की तिसऱ्या, तीही मोफत मिळतात.

मग या तीन महिन्यांत करायचं काय? माझा सगळा भर यावरच आहे.

पहिला प्रश्न रात्री नऊचा. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, "नऊची गोळी." नऊच का? बहुधा जुन्या औषधांत इफाविरेंझ होतं. त्यानं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ते झोपताना घ्यायला सांगायचे. टीएलडीला तसं बंधन नाही. ती सकाळी, दुपारी, जेवून, उपाशीपोटी, कधीही चालते, फक्त रोज साधारण एकाच वेळी घ्यायची. काहींना तर डोल्युटेग्रॅव्हिरनं झोप लागत नाही, त्यांना सकाळच बरी. औषध बदललं, पण घराघरांत नऊची वेळ तशीच राहिली. ती बदलायला कुणी सांगितलंच नाही. नऊला त्याची खोली भरलेली असते. सकाळी सहाला मित्र घोरत असतात. सेंटरवर एकदा विचारून त्याला सकाळची वेळ धरू द्या, दात घासायला जातानाची. आठवड्याच्या सात गोळ्या घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत सोबत ठेवायच्या, आणि कापूस खुशाल घालायचा. बाकीच्या मूळ डबीत, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट. एखाद्या दिवशी राहिलीच, तर आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट तो घेतो त्या इतर वस्तूंची. जिमला जाणारी पोरं पावडरी, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन घेतात, मेसच्या जेवणानं जळजळलं की गुलाबी पातळ औषध पितात. कॅल्शियम, लोह, जस्त आणि ॲसिडिटीच्या औषधातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम हे सगळं डोल्युटेग्रॅव्हिरला पोटात धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं जात नाही. आधी टीएलडी घ्यायची आणि या गोष्टी दोन तासांनी, किंवा त्या घेतल्या असतील तर टीएलडी सहा तासांनी. रोज नेमानं गोळी घेऊनही आकडा चढलेला मी एका मुलीच्या बाबतीत पाहिलाय. कारण निघालं ते लोहाच्या गोळीचं.

घरी आणून डोळ्यांदेखत गिळायला लावायचं म्हणता. तो आठ वर्षांचा असताना तुम्ही तेच केलंत, आणि म्हणूनच तो आज इंजिनिअरिंगला आहे. विसाव्या वर्षी त्यानं तुमच्यासमोर गिळली, तरी उद्या नोकरीला पुण्याला गेला की तुम्ही कुठवर पुरणार? आणि घरी आणण्याची किंमत बघा. त्याची खोली, मित्र आणि शिक्षण, तिन्ही जातील, आणि आपला आजार आपल्याला हेच देतो असं त्याच्या मनात पक्कं बसेल. त्यापेक्षा त्यालाच विचारा, रोजची आठवण कुणी करावी असं त्याला वाटतं. तुम्ही, मोबाईलचा गजर, की सेंटरवरचा कुणी पॉझिटिव्ह मुलगा. माझ्याकडची एक मुलगी रोज सकाळी मावशीला व्हॉट्सॲपवर नुसता एक ठिपका पाठवायची. शब्द नाही, चित्र नाही. कुणी मोबाईल पाहिलाच, तरी काही कळू नये. तुमच्याकडे हे ठरलंच, तर एक पथ्य पाळा. ठिपका आला नाही म्हणून साडेसहाला फोन करू नका. संध्याकाळी दुसऱ्याच विषयावर बोला.

आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. सेंटरवरून गोळ्या कोण आणतं? पत्रावरून वाटतं, तुम्हीच. उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक तुमच्या पिशवीत, तारीख तुमच्या लक्षात, डॉक्टरांशी बोलणं तुमचं. म्हणजे त्याच्या आजाराचा मालक अजून तो झालेलाच नाही. ते पुस्तक त्याच्या हातात द्या. पुढच्या तारखेला त्याला एकट्याला समुपदेशकापुढं बसू द्या, तुम्ही बाहेर बाकावर थांबा. वीस वर्षांचा मुलगा आत्तीदेखत काय काय बोलणार?

मग आली ती मुलगी. तिच्या घरी सांगणं मनातून काढून टाका. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं अशी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केलीय. शिक्षण, नोकरी, भाड्याची जागा यांतही भेदभाव करता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तुम्ही सांगितलंत त्या दिवशी तो तुमच्यापासून तुटेल. सांगायचं की नाही, कधी, कसं, हे त्याचं काम आहे आणि त्यात समुपदेशक मदत करतात. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे, ती त्याला स्पष्ट सांगा. आकडा 14,200 असताना निरोध वापरल्याशिवाय संबंध नकोत. आणि व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच टिकला, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही, लग्न होतं, पॉझिटिव्ह नसलेली मुलंबाळं होतात. ही दुसरी बाजू त्याला कुणी सांगितलीय का? मला शंका आहे. आपण पोरांना गोळी चुकवलीस तर काय होईल ते रोज सांगतो. घेतल्यावर काय मिळेल ते सांगायचं राहून जातं.

गलाईचं मी आत्ता नको म्हणेन. आकडा वर असताना गाव, भाषा आणि सेंटर सगळंच एकदम बदलणं चांगलं नाही. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी पोरं त्या धंद्यात देशभर पांगली आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यानं लक्षात ठेवावं: जाण्याआधी सेंटरवरून बदलीचा कागद करून घ्यायचा, नव्या गावचं एआरटी सेंटर कुठलं ते आधीच विचारायचं, हातात पुरेशा गोळ्या घेऊन निघायचं. 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाईनचा मोफत नंबर आहे, तिथं विचारता येतं. सांगलीतल्या माणसानं तर पावसाळ्यात घरात महिनाभराच्या जादा गोळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उंचावर ठेवाव्यात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

खोकला, ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर तीन महिने थांबू नका, लगेच जा. टीबीची औषधं लागली तर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा बदलावी लागते.

ताई, मी एक हिशोब मांडला. 2010 ते 2021 दिवसातून दोनदा, आणि पुढं दिवसातून एकदा, अशी चार वर्षं. साडेनऊ हजारांच्या आसपास होतात. त्या पोरानं आजवर साडेनऊ हजार वेळा तोंड उघडून औषध गिळलंय, आणि त्यातल्या प्रत्येक खेपेला त्याला आठवलं असणार की आई-बाप याच आजारानं गेले. त्यातल्या बहुतेक खेपांना तुम्ही समोर होतात. दोघंही दमला आहात. त्याला आईबद्दल शेवटचं कधी काही सांगितलंत? आजाराबद्दल नाही, आईबद्दल. ती काय खायची, कशाला हसायची. जमलं तर तेही या तीन महिन्यांत होऊ द्या, जेवताना, गोळीचा विषय न काढता.

त्या एकोणीस गोळ्या फेकू नका आणि त्याच्यापुढं मांडूही नका. डबी होती तशी बॅगेत ठेवा, कापूस पुन्हा वर लावून. तो निवांत असला की एवढंच म्हणा, "बॅग धुताना डबी बघितली मी. खोलीवर घ्यायला अवघड जातं का रे?" आणि मग तो जेवढा वेळ गप्प बसेल, तेवढा वेळ तुम्हीही बसा.